उभी गाडी

शिरोलीत बाबालाल मिस्त्रीच्या शेडमागं
ठोकळ्यांवर उभी आमची दहाचाकी,
इंजिन पोटातनं काढलेलं.
तीन महिने चाक फिरलं नाही.
केबिनमध्ये मिस्त्रीची कोंबडी अंडी घालत्या.

ताराबाई पार्कात खिडकीतला माणूस म्हणाला,
गाडी उभी राहणार हे आधी कळवायचं असतं, लेखी.
मोडायच्या आधी?
होय. आगाऊ.

भरला मग. तिमाहीचा कर, वर दंड,
ज्या रस्त्यानं गेलोच नाही त्याचा.
पावतीवर त्यानं दोनदा शिक्का मारला,
पहिला उमटला नव्हता.

केएमटीपुरते पैसे होते खिशात,
तरी चालतच निघालो शिरोलीला.
पंचगंगेच्या पुलावर मागनं हॉर्नावर हॉर्न.
कडेला सरकलो नाही.