रेघेची जाडी

एक हजाराला एक, या प्रमाणात
शून्य पॉइंट तीनच्या पेनाची रेघ
जमिनीवर एक फूट रुंद असते.
हे मला कुणी शिकवलं नाही.
लातूरच्या नगररचना कार्यालयात
एकवीस वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाई ओढली,
तरी कळलं नव्हतं.

साहेब शिकवायचे ते वेगळं.
पहिलं शहर म्हणजे पहिली ताणलेली दोरी.
तेरच्या पांढरीतून विटा निघतात त्या बघ,
एका मापाच्या.
माप आलं की गाव आलं,
गाव आलं की मापणारा आला.
आणि गोलाई तर माझ्या घराशेजारीच.
सोळा रस्ते मधल्या देवीकडं येतात
की देवीपासून निघतात?
बाप म्हणायचा, ते तुझ्या खिशावर आहे.

भुई हलली त्यानंतरच्या हिवाळ्यात
आम्हाला एक गाव दिलं, कोरं.
नाव तेच, पुढं फक्त ‘नवे’ लावायचं.
जुन्या जागेपासून तीन किलोमीटर, काळ्या रानात.
चांदसाब साखळी ओढी, मी फक्की टाकी.
बुटानं ढेकूळ फोडून तो म्हणाला,
काळीवर पांढरी बसत नसते, बाबूजी.
ही माती पावसात फुगती, उन्हात तोंड उघडती.
मी वहीत लिहिलं: माती, काळी.

केवळाबाई रोज तिथून जायची,
पत्र्याच्या शेडकडं, डोक्यावर घागर,
आमच्या रेघांवर पाय न देता,
प्रत्येक रेघ ओलांडून.
मी म्हटलं, द्या की पाय, फक्कीच तर आहे.
ती म्हणाली, सवय हाय.

जुनं गाव सगळ्यांकडून काढून घेत होतो, मातीत, काडीनं.
सगळे वेशीपासून सुरू करायचे.
मारुती, चावडी, वाण्याचं दुकान.
तिनं ओढ्यापासून सुरुवात केली,
खालच्या अंगाचा ओढा,
जिथं वरच्यांचं पाणी वापरून यायचं.
मग आडाजवळ काडी थांबली.
पुढं?
पुढचं मला ठाव न्हाई. पुढं मी गेले न्हाई.

वाकड्या बोळांसाठी हळहळणारे लेख
मी तेव्हा खूप वाचायचो.
तिला मात्र सरळ रेघ आवडली.
सरळ रेघंला खालचं अंग नसतं ना, सायेब?
मी हो म्हणालो.
घाई होती.

मग वरून तक्ता आला.
जमीन नाही त्याला अडीचशे फूट,
थोडी आहे त्याला चारशे,
भरपूर आहे त्याला साडेसातशे.
मोठी घरं मोठ्या रस्त्याला, हे ओघानंच.
वाड्यांची जुनी नावं गेली, अ, ब, क आलं.
नव्या जागेतही एक ओढा होता,
हे सांगायचं राहिलं.
कची ओळ तिकडं उतरत गेली.
मीच ओढली. पट्टी लावून.

निवृत्त झालो, मग परवा गेलो.
साठ फुटी रस्त्यावर सोयाबीन वाळत होतं,
एवढ्या रुंदीचा तेवढाच उपयोग.
समोरच्या घराला हाक पोचत नाही
म्हणून बायका मोबाइलवर बोलतात,
एकमेकींकडं बघून हात हलवत.
भिंतींना तडे. तिरपे.
चांदसाब नाही आता, नाहीतर बोलला असता.

केवळाबाई, क-एकसष्ट.
तिच्या आणि शेजारच्या महालिंगच्या भिंतींमध्ये
एक फूट जागा सुटली आहे,
उताऱ्यावर कुणाचीच नाही.
तलाठ्यानं दोनदा मोजली, दोन्हीदा बेरीज चुकली.
ती माझ्या पेनाची आहे.
तिनं तिथं शेवगा लावलाय.
महालिंग शेंगा तोडतो, ती शिव्या देते,
आणि संध्याकाळी दोन्ही घरांत
आमटीला एकच वास.

तिनं मला ओळखलं नाही.
तुमी कोण?
मी इथल्या रेघा मारायचो.
तिनं शेंगांची जुडी माझ्या पिशवीत कोंबली.
मंग एक चुकलीया, म्हणाली,
तेवढी दुरुस्त करू नगा.