पडेल ते काम

सकाळी सहाला, कॅमेरावाले उगवायच्या आधी,
मी कुदळ घेऊन जायचो डोरा नदीकाठच्या त्या आवारात
आणि तो जिथं पडणार, तेवढी जमीन
खणून भुसभुशीत करायचो.
दोन पाट्या भुसा, त्यावर पुन्हा धूळ,
बघणाऱ्याला रस्ता रस्त्यासारखाच दिसला पाहिजे.
हा माझा धंदा. दिवसाला अडीच लिरा.
पडद्यावर माझं नाव आलं नाही, येण्याचं कारणही नव्हतं.
काम नीट झालं तर मी दिसत नसे.

तो सेकोंदो बेर्तोलीनो, गवंड्याचा दुसरा मुलगा.
नवव्या वर्षी परांचीवरून वाळूच्या ढिगात पडला
आणि खालचे बारा मजूर हसले.
बापानं कानफटात दिली, ती तेवढी लागली.
मग पडेल ते काम करत गेला, म्हणजे
पडायचं काम.
पडद्यावरचं नाव बितोर्झोलो, म्हणजे टेंगूळ.
आखूड कोट, लांब बूट, शिडी, हवालदार,
रंगाची बादली, फुगलेला सासरा,
आठवड्याला एक चित्रपट, तूरीन शहर पोट धरून बसलेलं.

शॉटआधी येऊन तो टाचेनं जमीन दाबायचा,
बायका बोटानं कणीक बघतात तशी.
"ज्याचिंतो, इथं एक खडा राहिलाय."
राहिलेला असायचाच.
तो उचलून माझ्या हातावर ठेवायचा, पगार दिल्यासारखा.

एकदा म्हणाला, पडण्याला कोण हसतं?
पडल्यावर माणूस आधी टोपी शोधतो,
त्याला हसतात.

सोळा साली त्याला कार्सोच्या खडकांवर पाठवलं.
तिथं खणून देणारं कुणी नव्हतं.
परत आला तो धडधाकट, सगळी बोटं जागेवर.
पहिल्याच दिवशी शिडीवरून पडला, झकास पडला,
आणि पडून राहिला.
दिग्दर्शक भोंग्यातून ओरडतोय, टोपी! टोपी!
बऱ्याच वेळानं त्यानं दोन्ही हातांनी ती चाचपली,
आत काही आहे का पाहिलं,
आणि डोक्यावर न घालता छातीवर ठेवली.
तो तुकडा तसाच लागला थिएटरात.
पहिल्या रांगेतली एक बाई उठून बाहेर गेली.
बाकीचे बसले होते, पण कुणाची खुर्चीसुद्धा करकरली नाही.

कंपनी बुडाली. मालक, पडलो तरी नाक वर,
नव्या मोटारीतून हिंडला.
बितोर्झोलोचे चित्रपट वजनावर गेले,
वितळवून त्यांचे कंगवे झाले म्हणतात.
माझ्याकडे एक आहे. चांगला आहे. केस नाहीत.

आणि सेकोंदो कुठं लागला नोकरीला?
पो रस्त्यावर, चिनीमातीच्या भांड्यांच्या दुकानात!
मालक हुशार. गिऱ्हाईक मुद्दाम म्हणायचं,
ती वरच्या फळीवरची सुरई दाखवा.
तो शिडी लावायचा. दुकान श्वास धरायचं.
तो उतरायचा, सुरईसकट, एकेक पायरी,
वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा.
अकरा वर्षांत कपाचा कान तुटला नाही.
लोक हिरमुसून एखादी बशी घेऊन जायचे.

जानेवारीत गेला, झोपेत, फुप्फुसानं.
दफनभूमीत त्यांची स्वतःची माणसं असतात,
मला कुदळ दिली नाही.
थंडीनं माती अशी की पहार घंटेसारखी वाजत होती.
मी कडेला जाऊन टाचेनं दाबून पाहिलं.
खडेच खडे.
वरचे चार मी खिशात घातले, बाकीच्यांचं काय करणार?

दोर सोडताना त्यांच्यातल्या एका पोराचा पाय घसरला.
बसला बदकन मातीच्या ढिगात,
आणि इकडे पेटी तिरपी, पाद्रीबुवा अर्ध्या शब्दावर,
तर हा आधी टोपी शोधतोय.

पहिली हसली ती त्याची बायको एर्नेस्ता,
रुमालात, नाक पुसतापुसता.
मग मी.