थांबा क्रमांक सात

नंदुरबारच्या ऑफिसात कूलरला पाणी भरून
मी बोट चालवायला बसते.
म्हणजे, बोट नुरजी वसावे चालवतो,
धडगावच्या पलीकडे, घाट उतरून, नर्मदेच्या फुगवट्यात.
मी तिच्या मागे राहिलेले ठिपके चालवते.
दर तीस सेकंदांना एक :
अक्षांश, रेखांश, वेळ, वेग.
तीन वर्षांचे साडेआठ लाखांच्या वर.

फाइल उघडेपर्यंत दगा नाना डोकावतात,
"काय वं बहिन, पानीवर रेघा मारी ऱ्हायनी का?"
हो नाना.
आणि त्या पुसल्या जात नाहीयेत.

आधी साफसफाई.
डोंगरमाथ्यावर चढलेली बोट काढून टाकायची,
ताशी तीनशेच्या वेगाने गुजरातेत जाऊन आलेली बोट काढायची.
मग खाली नकाशा अंथरायचा. तो जुना.
त्यावर अजून शेतं आहेत, पाऊलवाट, एक शाळा.
सॉफ्टवेअर लाल अक्षरांत ओरडतं : जहाज जमिनीवर आहे!
मी 'दुर्लक्ष करा' दाबते
आणि चहा पिते.

मग काळाची पट्टी सरकवायची, सप्टेंबरकडून जूनकडे.
भरल्या पाण्यात रेघा हात पसरतात,
उदेखाल, चिंचपाणी, वरचं भुरमाळ,
एकेका नाल्यात कोपरापर्यंत शिरतात.
मार्चपासून आखडतात.
मे संपता संपता एकच बारीक दोरा उरतो, नागमोडी.
नदी पूर्वी इथून जायची
हे मला त्या दोऱ्याने सांगितलं.

'रेघ गुळगुळीत करा' असंही एक बटण आहे.
दाबलं की खडक चुकवून घेतलेला वळसा जातो,
बुडालेल्या सागाच्या शेंड्याला दिलेला मान जातो,
अहवाल देखणा होतो.
मी ते दाबत नाही. साहेबांनी दोनदा विचारलं.

थांबे वेगळ्या रंगात येतात.
सहा थांबे गावांचे.
सातवा पाण्याच्या मधोमध,
ना काठ, ना पेशंट,
आठवड्यातून तीनदा, अकरा मिनिटं.
"डिझेल जळतंय," साहेब म्हणाले, "कारण लिहा."

मी नकाशात पाहिलं. बरोबर खाली शाळा.
खरं सांगते, गलबलून आलं.
रात्रीतून मी अख्खा परिच्छेद रचला :
तळाशी घंटा, वर थांबलेली बोट,
नुरजीचा पहिलीचा वर्ग.

फोन चौथ्या दिवशी लागला.
"शाळा?" नुरजी हसला. "ती तर पार तिकडं होती,
नकाशाच चुकलाय तुमचा.
इथं रेंज येते, मॅडम.
दोन डोंगरांच्या फटीतून एक कांडी."

तेवढ्यात एस्तेर सिस्टर धडगावला विचारून घेते,
बेड आहे का, रक्त आहे का,
गाडी घाटाखाली येईल का.
उरलेल्या मिनिटांत नवापूरहून तिची पोरगी
सतराचा पाढा म्हणून दाखवते.
सातापाशी अडते.

आणि ठिपका महिन्याला थोडा सरकतो, तेही उलगडलं :
पाणी उतरलं की बोट उतरते,
कांडी हुडकत पन्नास-साठ हात पुढे जावं लागतं.

एकच थांबा लांबलचक आहे.
गेल्या ऑगस्टचा, संध्याकाळी पाच दहापासून
त्रेपन्न मिनिटं.
तोही विचारला.
"त्या दिवशी तिकडून कुणी उचललाच नाही,"
एवढं म्हणाला,
आणि मोटार सुरू झाल्याचा आवाज आला.

कारणांच्या यादीत चारच घरं होती :
रुग्ण, इंधन, बिघाड, अन्य.
पाचवं मी घातलं : रेंज.
चारशे बारा थांब्यांना चिकटवलं.
त्रेपन्नवाला रिकामाच ठेवलाय.

पुढच्या सोमवारी नवी फाइल आली.
माझ्या फोनच्या दिवशीचा सातवा थांबा उघडला.
नेहमीसारखी अकरा मिनिटं.
त्यातली आठ माझी.
बेडचं विचारून झालं असेल कदाचित.
पाढा राहिला.