शुक्रवारचं बटण

प्रभू, तुला ठाऊकच आहे,
सेकोंदीत माणूस ज्या वारी जन्मतो
तो वारच त्याचं नाव होऊन बसतो.
मी मंगळवारची, म्हणून अराबा.
थोरला कोजो सोमवारचा, एकुआ बुधवारची,
आणि याव गुरुवारचा, भल्या पहाटे,
मासळीच्या भट्टीला नुकता कुठे धूर धरलेला
आणि हा हजर.

पोरं होताना कुणाच्या डोक्यात असतं
की सुगीच्या रविवारी, टेकडीवरच्या चर्चमध्ये
सात वारांच्या सात पितळी पराती मांडतात
आणि ज्याची परात जड, त्या वाराचा वर्षभर तोरा!
एशुनबाईंचं बघ. दोनदा जुळी, दोन्ही वेळा शनिवारी.
चार पोरं, एक नोट. ह्याला म्हणतात काटकसर.
मी मात्र आठवडाभर सांडून ठेवलेत.

जवळ वीस सेदी. सोमवारच्या लाकडांचे.
पाववालीकडून सुटे करून घेतले.

‘सोमवार!’ बैडूगुरुजी माइकवर ओरडले.
कोजो बारा वर्षांचा; दात काढायला चालल्यासारखा गेला.
‘मंगळवार!’ मी रुमाल उडवत निघाले.
नाचायला पैसे पडत नाहीत,
म्हणून भरपूर नाचले आणि थोडं टाकलं.
बुधवारी एकुआनं अशी कंबर हलवली
की महिला मंडळाचे पंखे थबकले.
गुरुवारी यावनं दोनचं नाणं टाकलं
आणि परातीतून एकचं उचललं.
‘मम्मीनं सांगितलंय, सुटे घेऊन ये.’

‘शुक्रवार!’

आमचं बाक गप्प.
मी गीतांच्या पुस्तकात डोकं घातलं, उलटं धरलेलं.
आमचा शुक्रवारचा माणूस लास पाल्मासला गेलाय,
सिमेंटचे पैसे पाठवणार होता,
चार वर्षं झाली.
सिग्नल नाही, एवढं सांगायला मात्र
त्याला बरोबर सिग्नल मिळतो.

याव बाकावर उभा राहिला:
‘पप्पाचं कोण टाकणार?’
आणि गेलाच.
खिशातून काढलं ते बटण. निळं, चार भोकांचं.
त्या शर्टाचं मी भट्टी पुसायचं फडकं केलं होतं;
बटण ह्यानं कधी वाचवलं, देव जाणे.
म्हणजे तूच.

टण्ण.

खजिनदारांनी मोजलं, चष्मा वर केला, खाली केला.
‘शनिवार, तीनशे पंचेचाळीस.
शुक्रवार, तीनशे बारा… आणि एक बटण.’
धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात,
पण चर्चची फरशी नवी, हप्त्यांवर घेतलेली,
ती माझ्यासाठी कशाला फाटेल?

गुरुजी म्हणाले, नियम तो नियम,
पैसा नसेल त्याचा लिलाव.
सुरण गेलं, अंडी गेली,
प्रवचनात तीनदा आरवलेला कोंबडा गेला
(तिन्ही वेळा सगळ्यांनी
वडील पेत्र क्वेसन यांच्याकडे पाहिलं होतं).
मग बटण. एक सेदी!
शिवणवाली एफुआमावशी, स्वतः शुक्रवारची, म्हणाली, पाच.
पेत्र क्वेसन, कोंबड्याचा राग काढायला, म्हणाले, दहा.
पंधरा. वीस. कुणीतरी मागून, तीस.
मावशी उठली, लुगड्याची गाठ सोडली,
‘चाळीस, आणि आता सगळे खाली बसा!’

शनिवार हरला. एशुनबाईंची चारही जुळी एकदम रडली.

बाहेर आंब्याखाली मावशीनं यावला पुढ्यात उभं केलं,
त्याच्या सदऱ्याचं दुसरं बटण केव्हाचं तुटलेलं,
तिथं ते निळं लावलं, दातानं दोरा तोडला,
म्हणाली, ‘श्वास घे आता.’
यावनं इतका मोठा घेतला की पहिलंही तुटता तुटता राहिलं.

चार वर्षांत त्या माणसाचा हा पहिला हप्ता, प्रभू,
चाळीस सेदी, आणि तोही तुलाच पोचला.
माझी बाकी तुझ्याकडे लिहून ठेव.

उतारावर यावनं माझ्या हातात काहीतरी सरकवलं:
परातीतलं ते एकचं नाणं, घामानं ओलं.
‘उद्याच्या लाकडांना.’
मी मागं वळून पाहिलं. टेकडीवर कुणी नव्हतं.
चोरी म्हणू नकोस, प्रभू.
सुटे म्हण.