उशिराचे कारण

बाबांनी वेळापत्रक विमानातच आखलं होतं.
बत्तीस वर्षं संगमनेर डेपोत वाहतूक नियंत्रक;
त्यांना दोहा शहरही एखाद्या जादा गाडीसारखं
वेळेवर सोडायचं होतं.
४.१० जुना बाजार. ४.४० ससाणे.
५.२५ समुद्र. ६.०५ नाव.
खाली रेघ मारून: पाणी सोबत.

मी इथे सहा वर्षं.
माझं शहर म्हणजे ड्यूटीच्या बसची डावी खिडकी,
तीही रात्रपाळीला जाताना.
पहिल्याच वळणावर मी वाट विचारली,
तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं
चुकीच्या फलाटाला लागलेल्या गाडीकडे पाहावं तसं.

बाजारात मातीच्या भिंती, वासे बाहेर डोकावणारे,
धुपाचे खडे, काळी पडलेली सुकी लिंबं.
वेलचीच्या पोत्यात हात घालून बाबा म्हणाले,
"ही आपल्याकडचीच. इकडे येऊन महाग झाली."
आणि उगाच माझ्या बॅगेचा पट्टा नीट केला.

ससाण्यांच्या दुकानात जमिनीवर वाळू,
खुंट्यांवर ओळीनं बसलेले पक्षी,
डोळ्यांवर चामडी टोप्या.
मी रियालचे रुपये केले, मोठ्यानं सांगितले नाहीत.
शेजारीच त्यांचा दवाखाना.
काचेपलीकडे माझ्याच वयाची एक मुलगी
भुलीत गेलेल्या पक्ष्याचं मोडलं पीस जोडत होती.
किती हलकं मनगट!
मी बघत राहिले.
बाबांनी घड्याळावर बोट ठेवलं: सहा मिनिटं.

मग त्यांच्या गुडघ्यानं संप केला.
दगडी कट्ट्यावर टेकले, तर बाजूला एक म्हातारा,
तांबडं जाकीट, पाठीवर नंबर,
एकचाकी गाडा भिंतीला लावलेला.
बाबांनी खुणेनं विचारलं, काम काय?
"हमाल," तो म्हणाला.
बाबांना वाटलं, मराठी बोलला.
"अहो, हा शब्द आमचा!"
"अरबी आहे," तो हसला, आणि पुढचं हिंदीत.
नाव पीरबक्ष, गाव मकरानच्या किनाऱ्याला,
चाळीस वर्षं हाच गाडा, चाक तिसरं.

मग दोघे शब्द काढत बसले,
बटव्यातून सुटे पैसे काढावेत तसे.
हिशेब? इथलाच. तारीख? तीही. बाकी?
मुक्काम?
इथे बाबा खुलले. त्याला मुक्कामी गाडी समजावली:
रात्री शेवटच्या गावात जाऊन झोपते,
ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, पहाटे तीच गाडी माघारी.
"येते ना माघारी?" पीरबक्षनं विचारलं.
"येते," बाबा म्हणाले, "टायर बरे असले तर."

मी तीन करक आणले.
करक म्हणजे आपला कडकच,
समुद्र ओलांडताना ड सांडलेला.

५.२५ गेले. ६.०५ गेले.
नावांवर दिवे लागले असतील.
बाबांनी डायरी उघडली, नियंत्रकाच्या अक्षरात लिहिलं:
फेरी रद्द. कारण,
आणि पेन थांबलं.
या रकान्यात त्यांनी आजवर भरलेलं:
पंक्चर, घाटात दरड, म्हैस आडवी.
लिहिलं: गप्पा.

"आता एकच राहिलं," ते उठत म्हणाले.
काचेचे मनोरे? मी विचारलं. संग्रहालय?
"तुझा स्टॉप."

टॅक्सीवाल्यानंही दोनदा खात्री करून घेतली.
एक बाक, एक औषधांचं दुकान,
खणून ठेवलेला रस्ता.
बाबा बाकावर बसले, उठले,
छपराला हात पोचतो का पाहिलं,
उन्हाळ्यात सावली कुठल्या बाजूला, विचारलं.
मी म्हटलं, मी रात्रीच जाते ना.
ते काही बोलले नाहीत.

८.४२ ला बस आली. मला सुट्टी होती.
डाव्या खिडकीतून मारिसेलनं हात हलवला,
माझ्या जागेवरून.
बाबांनी मनगट दिव्याखाली धरलं,
दोन मिनिटं, म्हणाले,
आणि पुढे होऊन ड्रायव्हरची काच वाजवली,
कारण विचारायला.