तीन-ड-सात

आज नायट्रोजनची टाकी रिकामी करायची.
झाकण उघडलं की गार वाफ पायांवर घरंगळते,
चपलेच्या पट्ट्यांतून आत शिरते.
एकतीस वर्षं हेच, आणि तरी
दर वेळी मी अंगठे आवळून घेते.

चिमट्याने एकेक कुपी वर.
शाई उडालेली. अक्षर माझंच,
पण तेव्हाचं: उभं, घाईतलं,
स्वतःवर भलता विश्वास असलेलं.

इनास लोपीस उंदीर सांभाळायचा.
प्लेटमधल्या शहाण्णव खळग्यांना तो वाफे म्हणे.
"बाई, काय उगवलं तुमच्या वाफ्यात?"
बहुतेकदा बुरशी.
सीरम सहारला अडकायचं,
कस्टमच्या टेबलाखाली बर्फाचं पाणी होत राही
आणि साहेब विचारी,
वासराचं रक्त? कशाला लागतं तुम्हाला वासराचं रक्त?
पुढच्या अर्जात मी वासरू खोडून
'द्रव' लिहिलं.

मग एका गुरुवारी
तिसरी प्लेट, ड ओळ, सातवा खळगा:
पिवळा.
हळदीच्या पाण्यासारखा, पण ठाम.
इनासला बोलावून दाखवला.
तो म्हणाला, एकच?

प्रतिपिंड म्हणतात पुस्तकात.
कागदावर काढलं तर बेचकी.
दोन टोकं पकडायला, एक दांडा.
गाठीतल्या पेशीच्या अंगावरचं एकच बटण ओळखणारी,
बाकी देहाला न शिवणारी.
पण उंदराची.
माणसाचं रक्त तिला परकी म्हणून हाकलून देई.
तेव्हा सहा वर्षं आम्ही
तिला माणसात आणत बसलो:
बोटांची पेरं तेवढी उंदराची ठेवायची,
बाकीचा हात आपला.
पेरं ढळली की पकड सुटे,
पकड राहिली की रक्त ओळखे.
केतकी म्हापणकरने त्यापायी लग्न दोनदा पुढे ढकललं.
तिसऱ्यांदा मीच तिला सुट्टी दिली,
रागावून.

जवळजवळ पोचलो होतो
आणि दुसऱ्या कुणाचा पेपर आला.
तेच बटण. त्यांची बेचकी.
मी तो उभ्यानेच वाचला.
मग हात धुतले, बराच वेळ,
काही लागलेलं नसताना.

त्यांचं औषध परळला आलं, उशिरा,
बोटभर बाटलीत.
एका बाटलीत इनासचा वर्षाचा पगार.

आमची औषध झालीच नाही.
ती खालच्या मजल्यावर गेली, पॅथॉलॉजीत,
काचपट्टीवरच्या पापुद्र्यावर थेंबभर टाकायला.
बटण असेल तर तपकिरी,
नसेल तर नुसतं निळं.
तपकिरीला ते महाग औषध लागू पडण्याची आशा,
निळ्याने घर विकू नये.
एवढंच तिचं काम.
सत्काराच्या भाषणात हे वाक्य कुणी घेत नाही.

दाभोळची रुकैया मुकादम
फूटपाथवर, ताडपत्रीखाली, सतरा दिवस.
तिच्या नवऱ्याने माझा पांढरा कोट पाहून
चहाचा ग्लास खाली ठेवला.
"डॉक्टर, तपकिरी डाग आलाय म्हणतात.
डाग चांगला की वाईट?"

इतका नेमका प्रश्न
मला कुठल्या परिषदेत कुणी विचारला नाही.
चांगला, मी म्हटलं.
मग त्याने किंमत विचारली,
आणि मी कोटाच्या खिशात हात घातला,
जणू उत्तर तिथे असावं.
पेन होतं. एका ट्रस्टचा पत्ता लिहून दिला.
पुढचं मला माहीत नाही.
काचपट्टीवर नाव नसतं, नंबर असतो,
आणि तो मी मुद्दाम पाठ केला नाही.
तरी झाला.

टाकीच्या तळाशी शेवटची कुपी.
नव्या मुलीला म्हणते, ही तुझी.
सदतीसवर वितळव, भरभर,
आणि हातात धरून बसू नकोस.
ती मान डोलावते
आणि तरी मूठ मिटतेच क्षणभर.
हातमोज्यातून गारठा तिला चावतो, दिसतं मला.
सोडत नाही.