सत्तेचाळिसावं पान

रेणापुरात श्रावणाची पोथी लागली
आणि यंदा वाचायला बसली प्रयाग.
उदगीरची लेक. सून होऊन दोन उन्हाळे झाले नाहीत,
गळा मात्र असा, की तांब्याची घागर भरताना वाजावी.

अकरा वर्षं मी वाचत होते.
'ती ओवी पुन्हा म्हणा,' असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

सुटी पानं, लाल फडक्यात बांधलेली.
फडकं धुवायच्या निमित्तानं घरी आणली
आणि एक पान काढून ठेवलं
पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीखाली.
अडखळू दे म्हटलं एकदा, भर मंडपात, माईकवर.

रोज खांबाला टेकून बसायची मागं.
देवाचं नाव कानावरून जायचं,
मी पानं मोजायची.

चव्वेचाळीस झाली त्या रात्री लाईट गेली.
कंदील घेऊन पेटी उघडली,
तर पानाला कसर लागलेली.
तीन आठवड्यांत!
देवळाच्या कोनाड्यात इतकी वर्षं
एक कानाही गेला नव्हता त्याचा.

चौथ्या ओळीत, 'दुसऱ्याच्या' ह्याच्या पुढचा
नेमका शब्द खाल्लेला.
म्हणायला गेले, आठवेना.
तोंडाला पाठ होती ओवी. मला नव्हती.

रेणेच्या अंगाला टिटवी ओरडत होती.
दुसऱ्याच्या काय?
घरात, गळ्यात, नशिबात,
एकेक लावून पाहिला. प्रत्येक बसला.
प्रत्येकात मीच होते, पेटीत हात घालून.

पहाटे कधीतरी हात जोडले गेले.
एवढंच म्हणाले, वाचणारी नको,
ऐकणारी म्हणून बसव मला.
मग आला तो शब्द, सांजच्या गाईसारखा, आपल्या पायानं:
सुखात.
पुढची अर्धी ओवी तर शाबूत होती,
डोळ्यांसमोर, सगळी रात्र.

प्रयाग दारात ज्वारी पाखडत होती.
पान दिलं. खरं ते सांगितलं.
ती बराच वेळ बोलली नाही.
भोकांवरून बोट फिरवून म्हणाली,
'काकू, इथं आले की तुम्ही म्हणा.'

दुसऱ्या दिवशी ती तिथं थांबली.
मी खांबापासूनच म्हटला, तेवढा एक शब्द,
आणि तिनं ओवी पुढं नेली.

गळा गोडच आहे तिचा. अजून कधी टोचतं.
पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवलाय.
पाला सुकतो.
बदलावा लागतो.